‘कच्चा लिंबू’ आणि पडद्यावरचा आखाडा : ऑनलाइन स्पर्धात्मक खेळांतील नवख्या खेळाडूच्या स्थानाची चिकित्सा

प्रास्ताविक

मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धात्मक खेळांविषयी मराठीत होणारे लेखन स्थूलमानाने दोन वळणांनी जाताना दिसते. एका वळणावर पालकांची काळजी असते : व्यसन, बिघडलेली झोप, बुडालेला अभ्यास. दुसऱ्या वळणावर उद्योगाचे कौतुक असते : वाढती उलाढाल, मोठमोठी बक्षिसे, नव्या रोजगाराची स्वप्ने. दोन्ही प्रकारच्या लेखनाचे आपापले प्रयोजन आहे. परंतु त्यांत खेळाकडे खेळ म्हणून पाहिले जात नाही. नाटकाची समीक्षा करताना संहिता, पात्रयोजना, रंगसूचना यांचा विचार होतो. तसाच खेळाचे नियम, डावाची रचना, भिडूंची निवड यांचा विचार करणे हेही समीक्षेचेच काम होय. प्रस्तुत लेखात असा विचार एका मर्यादित प्रश्नापुरता केला आहे. एखादा स्पर्धात्मक खेळ वाढत जातो, त्यातील जुने खेळाडू मुरत जातात, तेव्हा आज प्रथमच त्यात उतरणाऱ्याला खेळण्याजोगी जागा उरते काय, आणि उरत असेल तर ती कोणत्या स्वरूपाची असते?

हा प्रश्न बीड जिल्ह्याच्या संदर्भात विचारण्याला कारण आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि पुढील दोन-तीन वर्षांत इंटरनेटचा वापर खेड्यापाड्यांच्या आवाक्यात आला. मैदान, तालीम, प्रशिक्षक, प्रवासखर्च यांवाचून स्पर्धेत उतरता येते, ही गोष्ट आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतील तरुणांच्या दृष्टीने साधी नव्हती. पुण्या-मुंबईच्या मुलाशी, किंबहुना परदेशातील मुलाशी, समोरासमोर लढण्याची संधी येथे प्रथमच हातात आली. दार उघडले, उंबरठा किती उंच आहे याची मोजदाद मात्र कोणी केली नाही.

शंभरांतील एक

पबजी मोबाइल हा खेळ २०१८ च्या मार्चमध्ये जगभर उपलब्ध झाला. विमानातून शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, सुरक्षित वर्तुळ लहान होत जाते आणि शेवटी जो किंवा जो संघ उरतो तो जिंकतो, अशी त्याची रचना. आरंभी सगळेच नवखे होते. कोणालाच नकाशा पाठ नव्हता, बंदुकीचा धक्का कसा आवरावा हे ठाऊक नव्हते. त्यामुळे पहिल्या वर्षी खेळाने सर्वांना सारखेच वागवले. अडचण निर्माण झाली ती खेळ यशस्वी झाल्यावर.

येथे थोडे अंकगणित आवश्यक आहे. कुस्तीत दोघे उतरतात, एक जिंकतो. शंभर जणांच्या डावात एक जिंकतो, नव्व्याण्णव हरतात. सर्व खेळाडू अगदी तुल्यबळ असले तरी एकट्याने खेळणाऱ्याच्या वाट्याला सरासरीने शंभर डावांतून एकदा विजय येणार. चौघांच्या संघाने खेळल्यास पंचवीस डावांतून एकदा. ही तुल्यबळांची गोष्ट झाली. दोन वर्षे रोज खेळणाऱ्यांच्या गर्दीत काल खेळ उतरवून घेतलेला मुलगा पडला, तर विजय दूरच. बंदूक हाती येण्यापूर्वीच तो बाद होतो आणि उरलेला वेळ दुसऱ्यांचा खेळ पाहतो. म्हणजे या खेळाची मूळ घडणच नवख्याला प्रतिकूल आहे.

कंपनीला हे कळत नव्हते असे नाही. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या मूळ पबजीत २०२० साली ‘बॉट’, म्हणजे संगणकचलित खेळाडू, आणण्यात आले. जुन्या आणि नव्या खेळाडूंच्या कौशल्यातील अंतर वाढत चालले असून नवखे लगेच मारले जातात, असे कारण कंपनीने त्या वेळी जाहीरपणे दिले होते. मोबाइल आवृत्तीत तर आरंभीच्या डावांत बॉटची संख्या मोठी असते, हे नियमित खेळणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. या बॉटना माणसासारखी नावे असतात. ते अडखळत धावतात, नेम चुकवतात आणि नवख्याच्या गोळीला बळी पडतात. पहिल्याच दिवशी दहा-बारा जणांना लोळवून विजयी झालेल्या मुलाला आपण माणसांना हरवले असे वाटते. यंत्र त्याला सांगत नाही आणि तो विचारत नाही.

भारतात या खेळाचा प्रवास खंडित राहिला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ उपयोजनांवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइल होता. क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीने २ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने तो पुन्हा आणला; जुलै २०२२ मध्ये तोही हटवण्यात आला आणि मे २०२३ मध्ये परतला. एवढ्या उलथापालथीत एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. २०२१ साली जुन्या खात्यातील माहिती नव्या खेळात आणण्याची मुभा काही काळ दिलेली होती. नव्या नावाने उघडलेल्या या आखाड्यात म्हणूनच पहिल्या दिवसापासून जुने मल्ल शड्डू ठोकून उभे होते. व्यापाराच्या दृष्टीने ते योग्यच म्हणावे लागेल, कारण पैसे खर्चून घेतलेल्या वस्तू खेळाडूला परत मिळायला हव्या होत्या. पण सर्वांनी एकत्र नवखे होण्याची जी दुसरी संधी चालून आली होती, ती त्यामुळे गेली.

कच्चा लिंबू : एक जुनी व्यवस्था

नवख्याला डावात घेण्याचा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. लपंडाव, पकडापकडी, लगोरी, विटीदांडू अशा खेळांत एखादे लहान मूल शिरले की मोठी मुले जाहीर करीत, ‘हा कच्चा लिंबू’. काही ठिकाणी त्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणतात. कच्चा लिंबू धावतो, लपतो, ओरडतो. पण बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. तो डावात असतो आणि नसतोही.

या व्यवस्थेमागची सामाजिक गरज लक्षात घेण्यासारखी आहे. खेळायला आलेल्या थोरल्या बहिणीच्या कडेवर किंवा बोटाला धाकटे भावंड असे. त्याला खेळात घेतले नाही तर ते रडे, आणि ते रडले की बहिणीलाही खेळ सोडून जावे लागे. कच्चा लिंबू ही त्या बाळापेक्षाही त्याला सांभाळणाऱ्या मुलीची सोय होती. ऊसतोडीच्या फडालगत कोप्या पडतात तेथे आजही दिवसभर धाकट्यांना सांभाळण्याचे काम थोरल्या मुलीवरच येते. तिच्या दृष्टीने हा शब्द केवळ बालपणीची आठवण ठरत नाही.

या व्यवस्थेची तीन लक्षणे चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. सवलत जाहीर असते : कोण कच्चा लिंबू हे सर्व भिडूंना माहीत असते आणि त्या मुलालाही माहीत असते. सवलत तात्पुरती असते : मूल धावायला लागले, चकवायला लागले, की एके दिवशी तेच हट्ट धरते, ‘आता मी कच्चा लिंबू नाही, माझ्यावर पण राज्य येऊ द्या’. हा हट्ट म्हणजे बालखेळातील दीक्षाविधीच म्हणावा लागेल. आणि तिसरे असे की सवलतीची किंमत बाकीचे भिडू आपसांत वाटून घेतात. मोठ्या मुलाने पकडलेला गडी कच्चा लिंबू निघाला तर त्याची धाव फुकट जाते. ती तो हसून सोडतो. कधी चिडतोही, पण सोडतो.

या लक्षणांच्या कसोटीवर बॉटची व्यवस्था तपासली तर काय दिसते? बॉट हा खेळ-कंपनीने केलेला कच्चा लिंबूच आहे, फक्त उलटा. येथे नवख्याला सवलत मिळाली हे त्याच्यापासून लपवले जाते. सवलत कधी संपते तेही कळत नाही. एके दिवशी अचानक समोरचे बॉट कमी होतात, माणसे वाढतात आणि काल जिंकणारा मुलगा आज दहा डाव सलग हरतो. आपल्यात काय बिघडले हे त्याला उमगत नाही. वस्तुतः बिघडलेले काहीच नसते, पण ते सांगणारा कोणी तेथे नसतो. किंमतीचे म्हणाल तर ती कोणाही भिडूने उचललेली नसते. माणसाच्या जागी यंत्र ठेवून ती टाळलेली असते. जुन्या खेळाडूला नवख्याशी कसे वागावे हे शिकण्याची वेळच येत नाही. नवख्याला सामावून घेणे हे खेळणाऱ्या समूहाचे काम होते, ते कंपनीच्या संगणकाकडे गेले. या खेळाच्या रचनेतील खरा दोष येथे आहे. बॉट असणे हा दोष नव्हे.

जोड लावण्याची कला

तुल्यबळ प्रतिस्पर्धी गाठून देण्याला संगणकाच्या जगात जे नाव असेल ते असो, जत्रेच्या फडात त्याला ‘जोड लावणे’ म्हणतात. गावच्या यात्रेत कुस्त्यांचा आरंभ रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होतो. सात-आठ वर्षांची पोरे लंगोट लावून उतरतात, मूठभर रेवड्यांसाठी झोंबतात. मग नारळावरच्या कुस्त्या, मग रुपयांच्या, आणि सूर्य कलताना शेवटची मानाची कुस्ती. पंच आणि वस्ताद वय, अंगलोट, खांदे, मान पाहून जोड ठरवतात. जोड विषम वाटली तर गर्दीच हरकत घेते. लढत लांबली आणि कोणीच चितपट होईना तर कुस्ती बरोबरीत सोडवली जाते, दोघांनाही इनाम मिळते. गुणांकन नाही, संगणक नाही. पण नवख्याला त्याच्या योग्यतेचा गडी मिळतो, आणि ज्या मातीत शेवटची मोठी कुस्ती होणार त्याच मातीत त्याची पहिली होते. हे शेवटचे वैशिष्ट्य फार मोलाचे आहे. रेवड्यांचा मल्ल आणि मानाचा मल्ल एकाच दुपारी, एकाच फडात, एकाच गर्दीसमोर लढतात. ऑनलाइन खेळात श्रेणीनुसार कप्पे पडतात आणि खालच्या कप्प्यातील खेळाडूला वरचा खेळाडू भेटतो तो यूट्यूबवर.

ज्याला भेटू नये तो मात्र भेटतो. मुरलेला खेळाडू दुसरे नवे खाते उघडून नवख्यांच्या कप्प्यात उतरतो आणि सोपे विजय मिळवतो, ही ऑनलाइन खेळांतील सर्वत्र आढळणारी विकृती आहे. यात्रेच्या फडात असे करू पाहणाऱ्याची पंचाईत होते. नाव बदलले तरी मोडलेले कान लपत नाहीत. वर्षानुवर्षे लढंत केलेल्या पैलवानाचे कान चुरगळून बसलेले असतात, आणि ते पाहिल्यावर कोणताही पंच त्याला रेवड्यांच्या कुस्तीत सोडणार नाही. पडद्याला कान नसतात.

बीड जिल्ह्याला या परंपरेचा अभिमान बाळगण्याचे कारणही आहे. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार यांच्या आणि पुढे काका पवार यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्याने सुवर्णपदक मिळवले आणि २०१९ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक. पाटोद्याहून नूर-सुलतानपर्यंतच्या या वाटेत मातीवरून गादीवर जाण्याचा टप्पा आहे, आणि तो कुस्तीतील नवखेपणाचा दुसरा टप्पा होय. खेळ आंतरराष्ट्रीय झाला, नियम बदलले, माती सुटली. अशा वेळी मातीत वाढलेल्यांचे काय करावे, हा प्रश्न महाराष्ट्र केसरी स्पर्धेने आपल्या परीने सोडवलेला दिसतो : माती आणि गादी असे दोन विभाग ठेवायचे आणि दोन्ही विभागांतील विजेत्यांची अंतिम लढत लावायची. अंतिम लढत गादीवर तरबेज असलेल्याला अनुकूल ठरते की नाही यावर वाद होतील. परंतु ज्याच्या गावात गादी नाही त्याला स्पर्धेबाहेर ठेवले गेले नाही.

नावापुढचे प्रश्नचिन्ह

ऑनलाइन खेळांत नवख्याला प्रामाणिकपणे वागवणारे उदाहरणच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बुद्धिबळाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी तयार केलेली गुणांकन पद्धती जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० साली स्वीकारली. तिचे सूत्र सोपे आहे. दोन खेळाडूंच्या गुणांत २०० चा फरक असेल तर वरच्याने चार डावांत सुमारे तीन गुण मिळवावेत. ४०० चा असेल तर अकरा डावांत सुमारे दहा. अपेक्षेपेक्षा अधिक मिळवले तर गुणांकन वाढते, कमी मिळवले तर उतरते. बहुतेक ऑनलाइन खेळांची जोड लावण्याची गणिते या कल्पनेची वंशज आहेत.

२०१० साली सुरू झालेल्या लिचेस या विनामूल्य संकेतस्थळावर नव्या खेळाडूचा आरंभ १५०० गुणांनी होतो आणि त्याच्या गुणांकापुढे प्रश्नचिन्ह लावले जाते. या खेळाडूची ताकद अद्याप निश्चित झालेली नाही, असा त्याचा अर्थ. पुरेसे डाव झाले की चिन्ह आपोआप जाते. हा कच्चा लिंबूच, आणि तोही जाहीर व तात्पुरता. प्रतिस्पर्ध्याला दिसतो, स्वतःलाही दिसतो. तथापि या प्रामाणिकपणात एक कोरडेपणा आहे. प्यादे कसे चालते एवढेच नुकते शिकलेल्या मुलाला १५०० या मधल्या पायरीवर उभे केले, तर त्याची खरी जागा सापडेपर्यंत त्याला हरत हरत खाली उतरावे लागते. यंत्राला माहिती मिळावी म्हणून मुलाने हरायचे. वस्तादाला हे एका नजरेत कळले असते. काही संकेतस्थळे आरंभीच ‘खेळ कितपत येतो’ असे विचारून घेतात. तो उपाय अधिक माणुसकीचा वाटतो.

बुद्धिबळात नवख्याला सामावण्याची याहून जुनी एक रीत होती. जाणता खेळाडू आपला वजीर, हत्ती किंवा घोडा पटावरून काढून ठेवी आणि मग खेळे. एकोणिसाव्या शतकातील युरोपातही मोहरे देऊन खेळण्याची पद्धत सर्रास होती. नवख्याला हरण्याची शक्यता राहतेच, पण जिंकला तर आपण किती सवलतीवर जिंकलो हे त्याला नेमके माहीत असते. पुढच्या महिन्यात वजिराऐवजी हत्ती, मग घोडा, मग बरोबरीचा डाव. शिकण्याची मोजपट्टीच पटावर मांडलेली असे. नेमबाजीच्या खेळांत अशी रीत का येऊ नये, याला तांत्रिक कारण दिसत नाही.

प्रस्थापितांची बाजूही नोंदवायला हवी. महामारीच्या काळात घरी बसून ऑनलाइन खेळलेली असंख्य मुले पुढे प्रत्यक्ष स्पर्धांत उतरली. त्यांचे अधिकृत गुणांकन कमी आणि खेळ चांगला, त्यामुळे त्यांच्याशी हरून जुन्या खेळाडूंचे गुण घसरू लागले. अखेर १ मार्च २०२४ पासून महासंघाने गुणांकनाची किमान मर्यादा १००० वरून १४०० केली आणि २००० खालच्या खेळाडूंचे गुण सूत्राने वर उचलले. नवख्याची जागा चुकली की त्याचा त्रास एकट्या नवख्याला होतो, या समजाला या प्रकरणाने छेद दिला.

‘नूब’ हा शब्द

खेळाचा स्वभाव त्याच्या नियमांइतकाच त्याच्या शब्दांतून कळतो. मराठी मैदानी खेळांत सोबत्याला ‘भिडू’ म्हणतात, ‘गडी’ म्हणतात. नवख्याला कच्चा लिंबू म्हणण्यात थट्टा आहे, पण त्या थट्टेत लिंबू पिकणार हे गृहीत आहे. ऑनलाइन खेळांत नवख्याला ‘नूब’ म्हणतात, आणि खेळ न जमणाऱ्या माणसालाच ‘बॉट’ म्हणून हिणवतात. ही दुसरी शिवी विशेष विचार करण्याजोगी आहे. नवख्याच्या सोयीसाठी आणलेल्या यंत्राचे नावच नवख्याला शिवी म्हणून चिकटले. सवलत लपवून दिली की तिचे असेच होते. ती उघड झाल्यावर अपमान बनते.

भाषेचा आणखी एक अडसर आहे. खेळातील सूचना, शस्त्रांची नावे, नियमांतील बदलांची पत्रके यांची परिभाषा इंग्रजी. कोयता, उचल, मुकादम हे शब्द जन्मापासून ऐकलेल्या मुलाला पहिल्या दिवशी शंभरभर इंग्रजी संज्ञा पाठ कराव्या लागतात. तो त्या करतोही. इंग्रजीच्या तासाला गप्प बसणारा विद्यार्थी या संज्ञा बिनचूक उच्चारतो, हा अनुभव अनेक प्राध्यापकांना असेल. पण त्या त्याला कंपनीने शिकवलेल्या नसतात, शेजारच्या मित्राने शिकवलेल्या असतात. खेळात माणूस शिल्लक राहिला आहे तो या पारावर. लिचेसचे अनुवाद स्वयंसेवक करतात आणि त्यांत मराठीही आहे. पाराची ही रीत पडद्यावर नेता येते, याचे ते गमक होय.

दोन हंगाम

बॅटलग्राउंड्समध्ये कांस्य, रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस आणि कॉन्करर अशी श्रेणींची उतरंड आहे. सुमारे दोन महिन्यांचा हंगाम संपला की प्रत्येकाची श्रेणी काही पायऱ्या खाली आणली जाते. सर्वांना नवी सुरुवात मिळावी, असा त्यामागचा विचार सांगितला जातो. प्रत्यक्षात हंगामाच्या आरंभी मुरलेले खेळाडू खालच्या पायऱ्यांवरून वर चढत असतात आणि त्या पायऱ्यांवर नवखे उभे असतात.

बीड जिल्ह्यात ‘हंगाम’ हा शब्द उच्चारला की वेगळेच चित्र उभे राहते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडतात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. अठरा-वीस वर्षांचा तरुण लग्न होताच ‘कोयत्या’चा अर्धा भाग बनतो. फडावर पहाटेपासून काम, कोपीत वीज असेलच असे नाही, फोन चार्ज करायचा तर गावात जायचे. या काळात खेळाचे दोन-तीन हंगाम उलटून जातात. जो कॉलेजात राहिला तो चढत जातो; जो फडावर गेला तो परतल्यावर पुन्हा नवखा. अशा खेळाडूचा विचार कोणत्याही खेळाच्या रचनेत केलेला आढळत नाही. नवखा म्हणजे प्रथमच येणारा, एवढीच रचनाकारांची कल्पना. सक्तीने सोडून जाऊन परत येणारा तिच्यात बसत नाही.

फोनच्या क्षमतेचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. गरेना कंपनीचा फ्री फायर हा खेळ पन्नास खेळाडूंचा, सुमारे दहा मिनिटांचा आणि साध्या फोनवर चालणारा होता. त्याची ग्रामीण लोकप्रियता या हलकेपणात होती. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी बंदी घातलेल्या ५४ उपयोजनांत त्याचा समावेश झाला. अधिक क्षमतेचा फोन मागणारी फ्री फायर मॅक्स ही आवृत्ती मात्र सुरू राहिली. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने झालेल्या निर्णयाची गुणवत्ता तपासणे हा येथील विषय नाही. परिणाम एवढाच नोंदवायचा की हलके गेले, जड राहिले, आणि स्वस्त फोनवाला उंबरठ्याबाहेर पडला. फ्री फायरची भलामण करण्याचेही कारण नाही. त्यातील बंदुकांच्या विकत घ्याव्या लागणाऱ्या सजावटी मारक्षमता किंवा वेग वाढवतात. सजावटीने नेम सुधारतो अशा खेळात नवखेपणापेक्षा गरिबीची शिक्षा अधिक मिळते.

एक आक्षेप

येथे वाचक रास्त आक्षेप घेईल : ज्या खेळापायी मुले रात्री जागतात तो नवख्यांना आणखी सुलभ कशाला करावा? २०१९ मध्ये राजकोटसह गुजरातच्या काही शहरांत पबजीवर पोलिसी मनाईहुकूम काढले गेले होते, त्यामागे हीच भीती होती. आक्षेप टाळता येणार नाही, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. नवख्याचे स्वागत वेगळे आणि नवख्याला लावलेले आमिष वेगळे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या खेळांत पहिल्या दिवशी बोनस मिळतो, पहिले काही डाव गोड जातात. तेथे नवखा हा खेळाडू नसून सावज असतो. बॉट मारून मिळवलेला पहिला विजय पैशाच्या बाबतीत निरुपद्रवी असला तरी जातकुळी तीच. कोणालाही न सांगता जिंकून देणे हे खेळवत ठेवण्याचे तंत्र आहे. उलट ज्या मुलाला आपली सवलत किती आणि ती कधी संपणार हे माहीत असते, तो खेळ सोडून उठूही शकतो. कच्चा लिंबू संध्याकाळी घरी जात असे.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. २२ ऑगस्ट रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैशाच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-क्रीडेला प्रोत्साहनाची भूमिका घेतली. त्यापूर्वी डिसेंबर २०२२ मध्ये ई-क्रीडा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणली गेली होती. कायद्याने रेषा ओढली ती पैशापाशी. ती आवश्यक होती. मात्र रेषेच्या अलीकडील, म्हणजे मान्य ठरलेल्या खेळांत नवख्याशी कसे वागले जाते, हा प्रश्न खेळवणाऱ्यांवर सोपवलेला आहे. आणि त्या खेळवणाऱ्यांत उद्या महाविद्यालयेही असू शकतील.

महाविद्यालयांचा आजवरचा अनुभव याबाबतीत फारसा आश्वासक नाही. जिमखान्यातील कॅरमच्या बोर्डाभोवती तृतीय वर्षाची मुले बसतात आणि प्रथम वर्षाची मागे उभी राहून पाहतात. वार्षिक अहवालात पदकांची संख्या येते. यंदा प्रथमच मैदानात उतरलेले किती, हा रकाना सहसा नसतो. स्नेहसंमेलनात ई-क्रीडेची स्पर्धा ठेवायची झाली तर बाद पद्धतीच्या तक्त्यात नवखा पहिल्याच फेरीत संपणार हे ठरलेले. त्याऐवजी सकाळी रेवड्यांची फेरी ठेवता येईल : या खेळाची स्पर्धा पूर्वी कधीही न खेळलेल्यांपुरती, बॉटविना, सर्वांच्या देखत एकाच सभागृहात. दुपारी मुरलेल्यांची फेरी, आणि प्रत्येक मुरलेल्या संघात सकाळच्या फेरीतील एक भिडू घेण्याचा नियम. फडावरून परतलेल्या विद्यार्थ्यासाठी स्पर्धा फेब्रुवारीत न घेता एप्रिलच्या अखेरीस घ्यावी लागेल. तेव्हा परीक्षा असतात, ही अडचण खरी आहे आणि ती परीक्षा विभागाशी बोलूनच सोडवावी लागेल.